तिसऱ्या दिव्याखालचा जावई

दातांच्या दवाखान्याच्या मागे एक लांबट खोली होती. एका भिंतीशी प्लॅस्टरच्या जबड्यांची रांग, दुसऱ्या भिंतीशी पॉलिशचं चाक, आणि मधल्या टेबलाशी कवळीताई. वीस वर्षं ती तिथे बसून लोकांसाठी खोटे दात बनवत होती. तिच्या हातची कवळी घालून माणूस हसला की दात दिसायचे, कवळी दिसायची नाही. त्यामुळे तिचं खरं नाव कधीच मागे पडलं होतं आणि दवाखान्यापासून बाजारापर्यंत सगळे तिला कवळीताईच म्हणायचे.

एवढ्या वर्षांत त्या खोलीत तिचे वडील कधी आले नव्हते. सासरेही नाहीत. लेकीचं किंवा सुनेचं काम बघायला जायचं असतं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मग एका सोमवारपासून दोघांनी अचानक त्या खोलीचा उंबरठा झिजवायला घेतला. तेही एकमेकांना चुकवून, मागच्या दाराने.

कारण होतं एक मासा.

बाबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, चाळीस वर्षं सलून चालवलं होतं. लोकांच्या माना हातात धरून बोलायची सवय असल्यामुळे, ऐकणारा उठून जाऊ शकतो ही कल्पनाच त्यांना नव्हती. मामंजी, म्हणजे सासरे, हवामान कचेरीत नोंदी ठेवायचे. पाऊस डोक्यावर पडला तरी वहीत उतरेपर्यंत तो पडला असं ते मानत नसत. अशा दोघांचं एकमेकांशी काय जमणार? अठरा वर्षं ते व्याही होते आणि अठरा वर्षांत त्यांचं बोलणं "काय म्हणता?" "ठीक. आपण?" "ठीक," याच्या पुढे गेलं नव्हतं. ते समोरासमोर बसले की कवळीताईला वाटायचं, आपण दोन कपाटांच्या फटीत बसलोय.

मग दोघंही निवृत्त झाले, दोघांनाही वेळ खायला उठला, आणि योगायोगाने दोघांनीही मासेमारीचा नाद धरला. शनिवारी रात्री गावातली हौशी मंडळी बंदराच्या जुन्या धक्क्यावर काठ्या घेऊन बसायची. दगडी धक्का, त्यावर अकरा दिवे, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. बाबांना दुसऱ्या दिव्याची जागा मिळाली, मामंजींना चौथ्या. मधल्या तिसऱ्या दिव्याखाली तो मासा यायचा.

हातभर लांब, जाडजूड, आणि कमालीचा चोखंदळ. दिव्याचा उजेड पाण्यात जिथे संपतो त्या काठाने तो फिरायचा. कुणी चांदीसारखा चमचमता खोटा मासा टाको, कुणी रबराचं झिंगं टाको, तो जवळ यायचा, मांडलेलं सगळं एकदा बघायचा, नाक मुरडायचा आणि निघून जायचा. म्हणून धक्क्यावर त्याचं नाव पडलं होतं जावई. कवळीताईच्या नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मी तर समोर येईल ते खातो." त्यानंतर या प्रकरणात त्याने लक्ष घातलं नाही.

तर त्या सोमवारी मामंजी मागच्या दाराने आले. काखेत वही, वहीत चौकटीचा कागद, कागदावर माशाचं चित्र. लांबी, रुंदी, पोटाचा फुगवटा, सगळं मिलिमीटरमध्ये.

"सूनबाई, तुझ्याकडे ते गुलाबी प्लॅस्टिक असतं ना? त्याचा असा एक मासा होईल का? मात्र रंग काळा हवा. अगदी काळा."

"रात्री काळा मासा दिसेल का हो, मामंजी?"

हा प्रश्न विचारल्याबद्दल तिला लगेच पश्चात्ताप झाला. मामंजींनी स्टूल ओढलं आणि पाऊण तास समजावून सांगितलं. मासा खालून वर बघतो. वर दिव्याचा उजेड. उजेडाला पाठ करून उभा राहिलेला माणूस कसा, चेहरा दिसत नाही पण आकार ठळक दिसतो? तसंच. म्हणून रात्री काळा. दुकानातला काळा आणला होता, पण त्याच्या पोटावर चंदेरी पट्टा निघाला. उठता उठता ते दाराशी थांबले आणि म्हणाले, "आपल्या व्याहीबुवांच्या कानावर घालायची गरज नाही."

मंगळवारी बाबा आले.

"अगं, काळोखात काळं टाकून काय उपयोग? अंधाऱ्या खोलीत काळी मांजर शोधायची? मला चमकणारा मासा कर. बॅटरीचा उजेड दाखवला की हिरवा लखलखतो तो रंग आणलाय मी." खिशातून त्यांनी बाटली काढली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ते काल इथे येऊन गेले ना? मी बघितलं. काय करायला सांगून गेले?"

कवळीताईचा तो दिवस वाईट गेला होता. एक गिऱ्हाईक सकाळपासून तीनदा येऊन गेलं होतं, प्रत्येक वेळी म्हणत होतं की दात बरोबर आहेत पण हसू माझं वाटत नाही. तिच्यासमोर टूथपेस्टची ट्यूब पडली होती. तिने सहज म्हटलं, "पुदिना."

"काय?"

"पुदिन्याचा वास लावायचा म्हणाले. रात्री मासा डोळ्यांनी नाही, नाकाने येतो म्हणे. पण बाबा, तुम्ही मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही."

बाबांनी वाद न घालता ट्यूब उचलून हुंगली. त्यांच्या बाबतीत हे इतकं नवलाचं होतं की कवळीताईला आतून गुदगुल्या झाल्या. शेवटी ते म्हणाले, "माझ्याही माशाला थोडा लाव. थोडाच. त्यांच्यापेक्षा जरा जास्त."

बुधवारी मामंजी काळा मासा न्यायला आले आणि निघताना छताकडे बघत म्हणाले, "व्याहीबुवा इकडे फिरकले होते का?"

"हो. गुलाबी हवाय त्यांना. हिरडीच्या रंगाचा. आणि पुदिन्याचा वास."

"गुलाबी?"

"जिवंत मांसाचा रंग, म्हणाले."

मामंजींनी वही काढली, तारीख घातली आणि 'गुलाबी?' असं लिहिलं. प्रश्नचिन्हाकडे जरा वेळ बघितलं. मग ते खोडलं.

त्या रात्री कवळीताईने सगळं सासूबाईंना सांगितलं. सासूबाई साध्या नव्हत्या. हवामान कचेरीच्या नोंदींबरोबर चाळीस वर्षं संसार करायचा तर अंगात काहीतरी खोडसाळपणा लागतोच. त्या उशीत तोंड खुपसून इतक्या हसल्या की मामंजी बाहेरून विचारायला आले, "खोकला वाढला का?"

"वाढला," सासूबाई आतून म्हणाल्या. "पुदिन्याचं काही असेल तर आणा."

मामंजी खरंच आणायला गेले, आणि येताना स्वतःसाठी एक जास्तीची पुडी घेऊन आले.

मग काय विचारता. एक खोटं पचलं की दुसऱ्याची भूक लागते. पुढच्या आठवड्यात कवळीताईने बाबांना सांगितलं की मामंजी माशाच्या पोटात दाणे भरून घेताहेत, खुळखुळा वाजावा म्हणून. बाबांनी मोहरीचे दाणे आणले. मामंजींना सांगितलं की बाबा शेपटीला केस लावणार आहेत, खरे केस, सलूनमधले. मामंजी दुसऱ्या दिवशी स्वतःचे केस कापून आले आणि कापलेले केस पाकिटात घालून घेऊन आले. पाकिटावर तारीख होती. मग मोहरी मामंजींच्या कानावर गेली, केस आणि गुलाबी रंग बाबांच्या.

धक्क्यावरच्या बाकीच्या मंडळींच्या नजरेतून हे सुटलं नाही. ज्या दोन माणसांना एरवी एकमेकांचं तोंड बघवत नाही, ते दोघंही पुदिना लावतात म्हणजे त्यात काहीतरी असणार. तिसऱ्या शनिवारपर्यंत अर्ध्या धक्क्याला पुदिन्याचा वास येऊ लागला. चष्मेवाला आणि पोस्टमन टूथपेस्टच्या ट्यूबा खिशात घेऊन बसायचे. जावई नेहमीसारखा यायचा, एक फेरी मारायचा आणि जायचा.

कवळीताईला थांबता आलं असतं. एकदोनदा तिने तसं ठरवलंही. पण तोपर्यंत एक वेगळीच गोष्ट घडत होती. बाबा आले की मासा झाल्यावरही उठायचे नाहीत. ती मेणात एकेक दात बसवायची ते मान वाकडी करून बघत राहायचे. एकदा म्हणाले, "समोरचे दोन जरा पुढेमागे का बसवलेस?"

"अगदी सरळ ओळीत दात कुणाचे असतात, बाबा? थोडं चुकवलं की खरं वाटतं."

"मीही कल्ले असेच कापायचो," ते म्हणाले. "उजवा केसभर कमी. लोकांना कळायचं नाही, पण आवडायचं." आणि मग आपल्या लेकीच्या हातांकडे असे बघत राहिले, जणू ते हात कुणी नुकतेच त्यांना आणून दाखवले होते.

मामंजींचंही तसंच. एका संध्याकाळी प्लॅस्टर सुकायची वाट बघताना त्यांनी तिला सांगितलं की नोकरीत एकदा, एकदाच, रात्रपाळीला त्यांना झोप लागली होती आणि पहाटे चारचं तापमान त्यांनी मनाने लिहिलं होतं. तीस वर्षांत बायकोलाही सांगितलं नव्हतं. "एकोणीस लिहिलं," ते म्हणाले. "एकोणीसच असेल बहुतेक." त्यांच्या आवाजात इतकी धाकधूक होती की कवळीताईला हसू आलं नाही.

खोटं बोलायचं थांबवलं तर हे दोघं यायचेही थांबतील, हे तिला कळत होतं. म्हणून ती नव्या थापा शोधत राहिली.

पण पाचव्या शनिवारी वारा पडला, भरतीचं पाणी आडवं वाहू लागलं, आणि दुसऱ्या दिव्याचा दोर चौथ्या दिव्याच्या दोरात जाऊन अडकला. दोघांनाही वाटलं जावई लागला. दोघांनीही जीव खाऊन ओढलं. तिसऱ्या दिव्याखाली पाण्यातून वर आला तो एक गुंता, आणि गुंत्यात दोन मासे. दोन्ही गुलाबी. दोघांच्याही पोटात मोहरी खुळखुळतेय. दोघांच्याही शेपटीला केस, एकाचे काळे, एकाचे पांढरे.

"हा आपला?" मामंजींनी विचारलं.

"हा माझा. तो आपला."

मामंजींनी बाबांचा मासा नाकाशी नेला. बाबांनी मामंजींचा.

"पुदिना," बाबा म्हणाले. "पण ही कल्पना तर आपली होती ना?"

"माझी? छे. मला वाटलं आपली."

दोघं गुंता सोडवायला धक्क्यावर मांडी घालून बसले. दोर पातळ, गाठी बारीक, आणि दोघांचेही चष्मे जुने. तासभर लागला. तेवढ्या वेळात कोण कुठल्या दिवशी काय बोललं ते सगळं वहीशी ताडून झालं. गाठ सुटली तसे बाबा आधी हसले. मग मामंजी हसले. मामंजींना हसताना त्या धक्क्यावर कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे पोस्टमन धावत आला आणि विचारू लागला, "पाणी आणू का?"

"पोरगी आपल्याला नाचवतेय, व्याहीबुवा," बाबा म्हणाले.

"पाच आठवडे," मामंजी म्हणाले. "नोंद आहे."

पुढचा आठवडा कवळीताईच्या आयुष्यातला सगळ्यात कष्टाचा गेला, आणि का ते तिला कळलं नाही. सोमवारी मामंजी नवं चित्र घेऊन आले. माशाला पापण्या हव्यात, उघडमीट करणाऱ्या. खोटा मासा रात्री डोळे उघडे ठेवून फिरतो म्हणून जावयाला संशय येतो, हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की तिला तोंड दाबून आत जावं लागलं. मंगळवारी बाबा आले. "ते पापण्या करून घेताहेत असं ऐकलं. खरं का?" ती म्हणाली खरं. "मग मला दात हवेत," बाबा म्हणाले. "माशाला. वर चौदा, खाली चौदा. तुझ्या हातचे. दात विचकून आलेल्याला मोठा मासा मान देतो."

"अहो बाबा, तांदळाच्या दाण्याएवढे दात होतील ते."

"तुला काय अवघड आहे?"

त्या वाक्यावर ती फसली. रोज दवाखाना बंद झाल्यावर ती थांबायची आणि भिंगाखाली एकेक दात घासून बसवायची. बुधवारी वरचे झाले, गुरुवारी खालचे. शुक्रवारी पापण्यांची तार तीनदा तुटली. सासूबाई रात्री डबा घेऊन यायच्या, शेजारी बसायच्या आणि म्हणायच्या, "सुळे जरा टोकदार कर हो." दोघींना हसून हसून ठसका लागायचा. दोघी वेगवेगळ्या कारणाने हसताहेत याचा कवळीताईला पत्ता नव्हता. सासूबाईंना नवऱ्याने रविवारीच सगळं सांगितलं होतं.

शनिवारी संध्याकाळी ती म्हणाली, "आई, आज आपणही धक्क्यावर जाऊ. दोघांचे चेहरे बघायलाच हवेत."

"चल की," सासूबाई म्हणाल्या. "मी चहाचा थर्मास भरूनच ठेवलाय."

कवळीताई कामावरून तशीच निघाली, खांद्याला कामाची पिशवी, नखांत मेण. धक्क्यावर पोचली तर तिसऱ्या दिव्याखाली वीसेक माणसं. चष्मेवाला, पोस्टमन, बेकरीवाला, बंदराचा पहारेकरी, सगळे. मध्ये एक खोकं उलटं ठेवलेलं, त्यावर पांढरा रुमाल. दोन्ही बाजूंना बाबा आणि मामंजी, दाढी करून, स्वच्छ कपड्यांत.

मामंजींनी वही उघडली आणि बातम्या वाचतात त्या आवाजात वाचलं. "नोंद पहिली. बुधवार. पुदिना व गुलाबी रंग. सांगणार, कवळीताई. मूळ, काही नाही. नोंद दुसरी. मोहरी. सांगणार, कवळीताई. मूळ, काही नाही. नोंद तिसरी." इथे त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "केस."

लोक टाळ्या वाजवू लागले. बाबांनी दात विचकलेला मासा रुमालावर ठेवला, मामंजींनी पापण्यांचा त्याच्या शेजारी. चष्मेवाल्याने पापण्या उघडमीट करून बघितल्या आणि मनापासून दाद दिली. कवळीताईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिने सासूबाईंकडे बघितलं.

"तुम्हीसुद्धा?"

"मी आधी तुझ्या बाजूने होते," सासूबाई चहा ओतत म्हणाल्या. "मग त्यांच्या. दोन्हीकडची मजा मिळत असेल तर एकच का घ्यायची?"

क्षणभर तिला राग आला. मग तिने बाबांकडे पाहिलं. ते मामंजींच्या खांद्यावर हात टाकून उभे होते आणि मामंजींनी तो हात तिथे राहू दिला होता. राग कुठल्या कुठे गेला आणि तिला असं हसू फुटलं की खोक्यावर बसावं लागलं.

"शिक्षा आहे," मामंजी म्हणाले. "आज जावयाला तू गळ टाकायचा. व्याहीबुवांची काठी. काय लावायचं ते तू ठरव."

एकीकडे मामंजींनी आपली पेटी उघडली. चौसष्ट कप्पे, चौसष्ट खोटे मासे, प्रत्येकावर चिठ्ठी. दुसरीकडे बाबांनी बिस्किटांचा डबा उघडला, त्यात सगळे एकमेकांत अडकलेले.

"काळा घे," मामंजी म्हणाले. "चंद्र नाहीये."

"अहो, चंद्र नाहीये म्हणूनच चमकणारा घ्यायला पाहिजे!"

"तुम्ही माशासारखा विचार करा जरा."

"तुम्ही माणसासारखा करा आधी!"

अठरा वर्षांचं 'आपण, आपण' त्या धक्क्यावर संपलं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ते भांडत होते तोवर कवळीताई कठड्यावर ओणवून पाणी बघत होती. दाताचा रंग जुळवताना ती माणसाला आधी उजेडात बसवायची, मग सावलीत, आणि घाई करायची नाही. तशीच ती बघत राहिली. उजेडाच्या काठाशी पाणी हलत होतं. आधी तिला वाटलं तरंग आहेत. मग दिसलं की तरंग नव्हेत, पिलं आहेत. बोटाच्या पेराएवढी, काचेसारखी आरपार, शेकडो. दिसत होते ते फक्त डोळ्यांचे ठिपके. आणि त्यांच्याखालून एक लांब सावली सावकाश गेली, तोंड उघडून, मिटून.

"तो जेवतोय," ती म्हणाली. "तुम्ही सगळे त्याला ताटावरून उठवताय."

"काय जेवतोय?" बाबांनी विचारलं.

"काच."

तिने पिशवी उपसली. रात्री झोपेत दात खाणाऱ्या लोकांसाठी ती पारदर्शक पट्ट्या बनवायची. त्यातला एक तुकडा पिशवीच्या तळाशी होता. तिने कात्रीने त्याची पेराएवढी बारीक फीत कापली, पोस्टमनच्या लायटरवर मऊ केली, सगळ्यांत लहान गळावर दाबून बसवली. सासूबाईंच्या काजळाच्या डबीत टाचणी बुडवून दोन डोळे काढले. काम पाच मिनिटांचं. मामंजींनी तो मासा हातात घेतला आणि म्हणाले, "हा तर दिसतच नाही."

"तेच तर."

तिला लांब टाकता आलं नाही. काठी अशी फिरली की बेकरीवाल्याची टोपी जाता जाता वाचली. गळ कसाबसा उजेडाच्या काठाशी पडला. "ओढू नको," बाबा कानाशी कुजबुजले. "राहू दे. बुडू दे." मामंजी दुसऱ्या कानाशी म्हणाले, "सात मोज." ती पाचपर्यंत पोचली आणि काठी वाकली.

मग जे झालं ते प्रत्येकजण वेगळं सांगतो. दोर सुंईंकन सुटला. कवळीताई ओरडली. बाबांनी तिला कमरेला धरलं, मामंजींनी बाबांना धरलं, सासूबाईंनी थर्मास धरला. "सैल सोड!" "ताण!" "सोड गं!" "ताणा सूनबाई!" मामंजी गडबडीत तिला प्रथमच अहोजाहो करून गेले. मासा धक्क्याच्या खांबाकडे पळाला, तिथून परत फिरला, एकदा अख्खा पाण्याबाहेर आला आणि दिव्याच्या उजेडात त्याची कूस लखकन दिसली. वीस मिनिटांनी तिचे हात लाकूड झाले होते. तेव्हा मामंजींनी दोराला बांधलेली गोल जाळी खाली सोडली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा जावई जाळीत आला.

ओल्या पोत्यावर ठेवला तेव्हा सगळे भोवती ओणवले. म्हातारा मासा. ओठात दोन जुने गंजके गळ. मामंजी मोजपट्टी घेऊन गुडघ्यावर बसले. पोटापाशी आले आणि थांबले. पोट तट्ट फुगलं होतं आणि खालून बारीक केशरी दाणे सांडत होते.

"गाभोळी," पहारेकरी म्हणाला. "अंड्यांवर आलीय."

मामंजी उठून उभे राहिले. "नोंदीत दुरुस्ती," ते म्हणाले. "हा जावई नाही. ही सून आहे."

सगळ्यांनी एकदम कवळीताईकडे बघितलं. मग जो हशा उसळला त्याने बंदरावरचे कुत्रे भुंकायला लागले.

बाबांना फोटो हवा होता. बेकरीवाल्याला वजन हवं होतं. कवळीताईने पक्कड काढली, ओठातले तिन्ही गळ उपटले, आणि म्हणाली, "जाळी खाली सोडा. लवकर." कुणी वाद घातला नाही. मासा जाळीत क्षणभर पडून राहिला, मग शेपटीचा एक फटका मारून तिसऱ्या दिव्याखालून काळोखात गेला. कवळीताई कठड्याशी वाकून बराच वेळ बघत राहिली. तिला फार, फार आनंद झाला होता.

घरी परतताना दोघं व्याही पुढे चालत होते. काठी कुणाची, जाळी कुणाची, सातपर्यंत मोजलं असतं तर काय झालं असतं. दोघी मागे राहिल्या, आणि घर आल्यावरही ते दोघं थांबले नाहीत, बोलत बोलत पुढच्या चौकापर्यंत गेले.

कवळीताईला वाटलं, आता हे आपल्या खोलीत कशाला येतील? एकमेकांकडे जातील. पण बुधवारी संध्याकाळी दोघं आले, एकत्र, पुढच्या दाराने. मागच्या खोलीत दोन स्टुलं मावेनात म्हणून ते दवाखान्याच्या बाकावर बसले आणि रात्री कुठला मासा लावावा यावर भांडू लागले. गुरुवारीही आले. शुक्रवारीही. थांबलेले पेशंट दुखणं विसरून ऐकायचे. शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"आजोबा, तुम्ही रोजच येता, तर एकदा तोंड तरी उघडून दाखवा."

"आमच्या दातांना काय झालंय?" असं म्हणत बाबांनी ऐटीत तोंड उघडलं. डावीकडे मागे दोन दाढा किडलेल्या निघाल्या. पाच मिनिटांत ते खुर्चीत आडवे होते, गालात कापूस, जिभेखाली नळी, अर्धं तोंड बधिर. "हलायचं नाही आणि बोलायचं नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

मामंजींनी हे ऐकलं. ते बाकावरून उठले, आत आले, खुर्चीशेजारी उभे राहिले, वही उघडली, आणि रात्री काळाच मासा का लावावा हे पहिल्यापासून समजावून सांगायला लागले. खालून बघणारा डोळा. वरून येणारा उजेड. उजेडाला पाठ करून उभा राहिलेला माणूस. वीस मिनिटं त्यांना कुणी अडवलं नाही. कवळीताई दाराच्या फटीतून बघत होती आणि तिने तोंडात मुठीएवढा कापूस कोंबला होता.

चौदाव्या मिनिटाला बाबांचे डोळे पाण्याने भरले. ते हात हलवून मामंजींकडे बोट दाखवू लागले.

"दुखतंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बाबांनी जोरजोरात मान डोलावली आणि पुन्हा मामंजींकडे बोट दाखवलं.

"कळलं, कळलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी एक इंजेक्शन भरायला घेतलं.